काजूचं जीन : एका खोगीरभरतीच्या नोंदी

रविवार, ९ जून २०२४

नेरळच्या घराचे पत्रे बदलायचे म्हणून माळा रिकामा केला. पाण्याच्या जुन्या टाकीमागे, खताच्या गोणीत गुंडाळलेलं काजूचं जीन, म्हणजे खोगीर, निघालं. तीस वर्षं तरी तिथे असेल.

काजू हा आमचा पहिला घोडा. १९८१ साली आला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बाबा माथेरानला घोडा भाड्याने फिरवायचे, मोटारी थांबतात त्या दस्तुरीपासून बाजारपेठ आणि तिथून पुढे पॉइंट. गावात मोटारींना बंदी, म्हणून आमचं घर चाललं. काजू १९९३ च्या पावसाळ्यात पोटशूळाने गेला. नंतर दोन घोडे आले, त्यांची नावं मला आठवून सांगावी लागतात.

२६ जुलै २००५ च्या पाण्यात घरातले फोटो गेले. जीन माळ्यावर होतं म्हणून राहिलं. ते दुरुस्त करायचं ठरवलंय. बसायला नाही, दसऱ्याला पूजेत ठेवायला. दसरा १२ ऑक्टोबरला आहे, म्हणजे चार महिने हातात, आणि त्यातले माझे फक्त शनिवार-रविवार. चामड्याच्या कामाचा अनुभव शून्य. घोडेवाल्यांच्या घरोघरी अशी जिनं पडून आहेत. कुणी काढलंच तर माझ्या चुका तरी त्याने करू नयेत, म्हणून लिहून ठेवतोय.

आजची अवस्था: चामडं कडक, वरून लाल मातीचा थर. डावीकडची झडप (बसणाऱ्याच्या पायाखाली लोंबणारं चामडं) कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली. खालच्या गाद्यांचं कापड फाटलेलं. तंगाचे, म्हणजे पोटाखालून जीन आवळायचे, पट्टे वाळून लाकूड झालेले. आतला लाकडी सांगाडा मात्र शाबूत वाटतो. पुढचं आणि मागचं टोक धरून दाबून पाहिलं, कुठे करकर नाही. हे आधी पाहा. सांगाडा तुटलेला असेल तर वरची सगळी मेहनत फुकट.

बदलापूरला आणताना कर्जत लोकलमध्ये एका काकूंनी गोणीला हात लावून विचारलं, "फणस का? कापा की बरका?"

शनिवार, १५ जून

धुतलं. जिनाचा साबण मागवला होता, ₹२४०. मऊ स्पंज, कमी पाणी, फेस वर यायला हवा आणि पाणी आत जायला नको, हे सगळं वाचून ठेवलं होतं. पण माथेरानची लाल माती शिवणींच्या भोकांतून निघेना, तेव्हा धीर सुटला आणि मी सरळ मग्याने पाणी ओतलं. चार बादल्या तांबड्या झाल्या. बाथरूमच्या फरशीच्या सांधी अजून तशाच आहेत, बायको रोज दाखवते.

दुसरी चूक लगेच. पावसाने उघडीप दिली होती, म्हणून जीन गच्चीवर उन्हात ठेवलं आणि जेवायला बसलो. दोन तासांनी पाहतो तर उजवी झडप पापडासारखी वळलेली आणि वळणावर चार सेंटीमीटरची भेग.

उन्हात चामडं कधीच वाळवू नका, हीटरसमोरही नाही. पंख्याखाली, सावलीत, दोन-तीन दिवस. झडप ओल्या फडक्याने परत नरम करून दोन प्लायवूडमध्ये दाबून ठेवली आहे, वर गव्हाचा डबा. भेग काही जाणार नाही.

रविवार, २३ जून

स्टेशनजवळ चपला शिवणारे एक काका बसतात. त्यांना झडप दाखवली. त्यांनी ती नाकाजवळ नेऊन हुंगली आणि म्हणाले, झाडाच्या सालीत कमावलेलं जुनं कातडं आहे, याला एरंडेल चालेल. मी बाटलीभर एरंडेल आणलं (₹१८०) आणि ब्रशने भरपूर फासलं. चामड्याने ते गटागटा पिऊन टाकलं, म्हणून अजून फासलं.

संध्याकाळी काकांना फोनवर फोटो दाखवला. "अहो, तेल पाजायचं असतं, अंघोळ नाही घालायची!" एक पातळ हात, मग दोन दिवस थांबायचं, मग दुसरा. तिसऱ्याची बहुतेक गरजच पडत नाही. जास्त तेलाने चामडं लुळं पडतं आणि शिवणीचा दोरा कुजतो. माझ्याकडून पाच हात झाले आहेत.

शनिवार, ६ जुलै

बुरशी. पांढरी, लोकरीसारखी, जिथे जिथे तेल जास्त होतं तिथे. जीन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं होतं, म्हणजे बुरशीला खाणं आणि घर दोन्ही मीच दिलं.

कोरड्या ब्रशने बाहेर झटकली (घरात झटकू नका, ती सगळीकडे बसते). मग स्पिरिटमध्ये तेवढंच पाणी घालून फडक्याने पुसलं. स्पिरिट ₹९०. आता जीन बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली, उलट्या खुर्चीवर. पावसाळ्यात हे काम काढू नये असं वाटू लागलंय. तीन आठवडे गेले आणि शिवण एक इंचही नाही.

रविवार, १४ जुलै

आज गाद्या उसवल्या. पाठीला टेकतात त्या खालच्या दोन लांबट उशा.

आम्ही लहानपणी जीनच म्हणायचो. खोगीर हा शब्द शाळेत भेटला, तोही भरतीसकट. बाईंनी खोगीरभरतीचा अर्थ 'निरुपयोगी गोष्टींचा भरणा' असा सांगितला होता. आज ती भरती हाताने बाहेर काढली: मळकट लोकर, काथ्या, तागाच्या गोणीचे तुकडे, आयाळीचे केस, बंडीचा खिसा बटणासकट आणि हिरव्या लुगड्याचा वीतभर पट्टा. ते लुगडं आईचं. काठ ओळखू आला. बाबा दर वर्षी पावसाळ्यात, घोडा खाली उतरवला की, गादी उसवून जे हाताशी असेल ते आत कोंबायचे. त्यातलं एकही निरुपयोगी नव्हतं, सांगतो. त्यावर बसवून बाबांनी हजारो पर्यटक पॅनोरमा पॉइंट दाखवून आणले.

डावी गादी उजवीपेक्षा बरीच फुगीर होती. खांद्याकडच्या टोकाला तर गठ्ठाच. मला वाटलं बाबांना शिवणकाम कुठे येत होतं, जमेल तसं भरलं असेल. दोन्हींतला माल एकाच पिशवीत टाकला. वजन १ किलो १४० ग्रॅम.

(ही ओळ नंतर घातली आहे: डावं-उजवं वेगळं ठेवा, वेगळं तोला, उसवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. मी यातलं काहीही केलं नाही. या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच.)

रविवार, २८ जुलै

भरतीसाठी लोकर हवी. स्पंज भरू नका. तो पहिल्या दिवशी छान दिसतो आणि नंतर बसतो. मित्रामार्फत जेजुरीकडच्या एका धनगर कुटुंबाकडून दोन किलो कातरलेली लोकर मिळाली, ₹१२०. देणाऱ्या बाईंना नवल वाटलं की कुणीतरी पैसे देऊन नेतंय. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, घोंगडीला चालते. गिरणीला ती नकोच असते.

स्वस्त पडली ती तेवढीच. काटे, गवत, लेंड्या काढून तीन पाण्यांत धुवायला दोन रविवार गेले. घरात मेंढवाड्याचा वास. पिंजणावळ ₹२००. नवीन जाड लोकरी कापड ₹४५०. उजव्या गादीचं जुनं कापड मापाला घेतलं आणि त्यावरून दोन्ही बाजू कापल्या. दोन्हींत मोजून ५२० ग्रॅम भरले. तराजूवर तोललं असतं तर काटा हलला नसता. बघून फार बरं वाटलं.

रविवार, ११ ऑगस्ट

शिवण. आरी, दोन सुया, दोरा, मेण मिळून ₹३८०. काकांनी दोन तास बसवून शिकवलं, त्यांना ₹५०० दिले. ते घेत नव्हते. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एक-एक. मशीनच्या शिवणीचा एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात, हिचे जात नाहीत.

पहिली वीत शिवताना जुनी भोकं दिसेनात, म्हणून मधल्या जागेत नवी पाडली. ओढल्याबरोबर पोस्टाचं तिकीट फाटावं तसं चामडं रेषेत फाटलं. जुनीच भोकं वापरा. आरी न फिरवता फक्त टोचून ती आधी मोकळी करून घ्या. फाटलेल्या जागी आतून पातळ पट्टी लावली. पूर्ण रविवार गेला.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी होती. जीन घेऊन नेरळला गेलो, बाबांना दाखवायला. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. दिसतं कमी, बोलणं पहिल्यापासूनच कमी.

त्यांनी जीन मांडीवर उलटं घेतलं. दोन तळवे दोन गाद्यांवर ठेवले आणि पुढून मागे दाबत नेले. परत पुढे आणले.

"हे कुणाचं?"

"काजूचं, बाबा."

"काजूचं नाही. काजूचं डावीकडे भरलेलं होतं."

मी म्हटलं, हो, वाकडंतिकडं होतं, दोन्ही बाजू सारख्या केल्या.

"जीन नव्हतं वाकडं. घोडा वाकडा होता. डावा खांदा बसलेला त्याचा. सारखं भरलं की जीन डावीकडे कलायचं, मानेमागे घासून जखम व्हायची."

खांदा कशाने बसला, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"रेसला तूच नेलेलास की."

हे या नोंदींत लिहायचं का, यावर आठवडाभर विचार केला. पण भरती कमी-जास्त का आहे याचं कारण भरतीइतकंच महत्त्वाचं आहे, म्हणून लिहितो. १९८६ चा जून, पहिला पाऊस पडून गेलेला. मी अकरा वर्षांचा. ऑलिंपिया मैदानावर आम्ही पोरांनी शर्यत लावली, पैज चिक्कीच्या एका पुड्याची. वळणावर तांबडा चिखल होता. काजू डाव्या अंगावर पडला, मी त्याच्यावर. मला खरचटलंही नाही. घरी सांगितलं की पाण्यावर नेताना नाल निघाला आणि तो दगडावरून घसरला. दुसऱ्या दिवशी बाबांनी नालबंद बोलावला. त्याने एकेक पाय उचलून पाहिला. चारही नाल जागेवर होते. तो काही बोलला नाही, बाबाही काही बोलले नाहीत, आणि अडतीस वर्षं मी धरून चाललो होतो की त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलून खांदा वर आला असता?"

मग त्यांनी चहा मागितला.

रविवार, १ सप्टेंबर

सगळं परत उसवलं. प्रश्न असा की डावीकडे नेमकं किती होतं? माल एकत्र झालेला, फोटो नाही.

हाती काय होतं ते लिहितो, कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल. नशिबाने गाद्यांची जुनी कापडं फेकली नव्हती. डावं कापड पसरलं तर त्याच्या कडेने दीड बोट रुंदीची वेगळी पट्टी जोडलेली. उजव्याला नाही. म्हणजे बाबांनी नुसतं जास्त कोंबलं नव्हतं, पिशवीच मोठी केली होती. मी माप उजव्याचं घेतलं, तिथेच फसलो.

भोकांना ठिगळं लावून दोन्ही जुन्या पिशव्या सैलसर शिवल्या आणि तांदळाने भरल्या. डावीत २८ वाट्या बसल्या, उजवीत २२. बायको दारात उभी राहून बघत होती. "घोड्याला आता भातपण?" तांदूळ चाळून परत डब्यात गेले, पण खाताना लोकर लागते अशी तक्रार अजून चालू आहे.

त्या प्रमाणात डावीकडे ६१० ग्रॅम, उजवीकडे ४८०. गठ्ठा खांद्याच्या टोकाला. तो कुठपर्यंत जात होता हे जुन्या कापडावरच्या घामाच्या डागावरून ठरवलं. घोड्याचा घाम बसलेलं कापड कडक होतं आणि आकार धरतं. हात फिरवला की कुठे उंच, कुठे खोल, ते अजून कळतं.

लुगड्याचा पट्टा धुऊन डाव्या गठ्ठ्याच्या मधोमध परत घातला. बंडीचा खिसाही.

रविवार, ८ सप्टेंबर

गणपतीला चुलतभाऊ आला होता. त्याच्याकडे एक फोटो निघाला: बाबा, काजू, मागे चिक्कीचं दुकान. त्या दुकानासमोर काजू हटकून अडायचा. वर बसलेल्याने कितीही टाचा मारल्या तरी चुरा मिळाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. पर्यटकांना वाटायचं बाबांनी दुकानदाराशी ठरवून शिकवलंय.

माझ्या आठवणीत काजू हत्तीएवढा होता. फोटोत त्याच्या मानेमागचा उंचवटा बाबांच्या खांद्याला येतो. बाबा पाच फूट चार इंच. म्हणजे काजू साधारण ५२ इंच, घोडेवाल्यांच्या मापात तेरा हात, एक हात चार इंचांचा. तट्टूच की! तंगाची लांबीही तेच सांगते. मी तीनदा मोजली.

रविवार, १५ सप्टेंबर

तंगाचे पट्टे. धारावीतून साडेतीन मिलिमीटर जाडीचं चामडं आणलं, सहा चौरस फूट, ₹१८० प्रमाणे ₹१,०८०. बकला ₹१६०. कापताना पट्टी दोनदा सरकली. मोठ्ठं काही नाही, पण एक पट्टा दोन मिलिमीटर अरुंद झालाय.

जुने पट्टे काढताना एक दिसलं. प्रत्येकावर आठ भोकं, पण झिजून लांबट झालेली फक्त दोन: तिसरं आणि पाचवं. आधी कळेना. मग हातालाच आठवलं. काजूला तंग बांधायला घेतला की तो पोट फुगवून श्वास धरायचा. तेव्हा जाईल तेवढा तिसऱ्या भोकात लावायचा, त्याला वीस पावलं चालवायचं, तो विसरून श्वास सोडायचा, की पटकन पाचव्यात. मी हे विसरलो त्या दिवशी जिनासकट त्याच्या पोटाखाली गेलो होतो, मी सात वर्षांचा, बाजारपेठेत, सगळ्यांसमोर.

आता अडचण अशी. बसायचं असेल तर जुना पट्टा एकही ठेवायचा नाही, यात तडजोड नाही. वाळलेला पट्टा तुटतो तो नेमका उतारावर. पण यावर कुणी बसणार नाही. म्हणून उजवे तिन्ही नवे लावले, डावीकडे दोन नवे आणि एक जुना तसाच. त्याच्यावर आतून लाल दोऱ्याने टाका घातलाय, ओढायचा नाही अशी खूण. कुणी शहाणा पुढेमागे घोड्यावर घालायला निघाला तर त्याला दिसावा.

रविवार, २९ सप्टेंबर

रिकिबी आणि लगामाची कडी व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून घासली. गंज गेला, खड्डे राहिले. दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) सापडलीच नाही. नवी करायला वेळ नाही. उजव्या झडपेची भेग आतून पट्टी लावून धरली. तेलाचे काळे डाग तसेच. उंदराने खाल्लेला कोपरा मुद्दाम भरला नाही, तिथे हात कापत होता माझा.

आतापर्यंतचा खर्च ₹३,४००, लोकलचं भाडं सोडून. ऑनलाइन पाहिलं, यात थोडी भर घातली तर कानपूरचं नवं साधं जीन येतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी नेरळ. जीन ठेवायला सुताराकडून लाकडी घोडी करून घ्यायची राहिली, म्हणून पत्रे बसवायला आणलेल्या शिडीलाच आडवं करून त्यावर पोतं टाकलं. आपट्याची पानं, झेंडूचं तोरण, हळद-कुंकू. वर अजून घोडे ठेवणारे दोन शेजारी आपापली जनावरं धुऊन, माळा घालून घेऊन आले होते. त्यातला एक घोडा आमच्या तोरणातला झेंडू खाऊन गेला.

आरती झाल्यावर बाबा उठून आले. हात गादीखाली घातला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे बराच वेळ.

"मूठभर कमी आहे."

मी म्हटलं, वाट्यांनी मोजलंय बाबा, घामाचे डाग बघून.

"मूठभर," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

राहिलेली लोकर पिशवीत होतीच. पाच टाके उसवले. बाबांनी लोकर मुठीत घेतली, दोन बोटांनी फुलवली, गठ्ठ्याच्या पुढच्या टोकाला, जिथे काहीच नको असं मला वाटत होतं तिथे, आत सारली आणि अंगठ्याने दाबली. मी शिवून टाकलं.

घरी येऊन उरलेली लोकर तोलली. त्यांची मूठ ३८ ग्रॅमची. डावी गादी आता ६४८.